क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये पगार किती मिळतो आणि कसा वाढतो? (प्रश्न: बी.एस्सी. फिजिक्स, नांदेड)

पहिली काही वर्षं पगार नसतो, फेलोशिप असते, हे आधी घरी नीट समजावून सांग. आपल्याकडे बी.एस्सी. झालं की घरचे पोराच्या पगाराकडे डोळे लावून बसतात. मी परभणीचा, मीही यातून गेलोय.

नेट-जेआरएफ (एम.एस्सी.नंतर राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी, पीएच.डी. करतानाची फेलोशिप) मिळाली की महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएट झालास तर ५८,००० पासून ६७,००० पर्यंत. खरी उडी त्यानंतर: आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ चं मूळ वेतनच १,०१,५०० आहे. खासगी कंपन्यांत ठरलेली श्रेणी नसते. तिथे तुझं काम बघून आकडा ठरतो.

२०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटींची तरतूद आहे, म्हणून संशोधनाच्या जागा निघतायत. पुण्याच्या आयसरवर (केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) लक्ष ठेव, आयसरांमध्ये आपल्याला तेच जवळ.

आत्ता जॅमची (एम.एस्सी.ला आयआयटीसारख्या संस्थांत प्रवेश देणारी परीक्षा) तयारी कर आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं कर. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि किसकिट हे क्वांटम प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट शिकता येतं. महागडे सर्टिफिकेट कोर्स मात्र अजिबात घेऊ नकोस, बाबांचे सोयाबीनचे पैसे त्यात घालू नकोस.