‘ओपन मॅरेज’चा प्रस्ताव आणि २०१८ चा निकाल

प्रश्न : आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली असून आम्हाला सहा वर्षांची मुलगी आहे. एका अविवाहित स्त्रीशी आपले वर्षभर संबंध असल्याचे पतीने अलीकडेच सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच अशा संबंधांना मोकळीक दिली आहे, एकनिष्ठा ही जुन्या पिढीची कल्पना आहे, तेव्हा आपण ‘ओपन मॅरेज’ स्वीकारू, तुलाही तीच मुभा राहील, असे ते म्हणतात. मी मागासलेली आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी त्या निकालाविषयी, कारण तुमच्या पतीच्या युक्तिवादाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने भारतीय दंड विधानाचे कलम ४९७ रद्द केले. १८६० च्या या कलमानुसार परक्या विवाहितेशी तिच्या पतीच्या संमतीविना संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे. त्या पतीची संमती असली, तर गुन्हाच होत नसे. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी किंवा विधवेशी संबंध ठेवले, तर त्याच्या पत्नीला या कलमाखाली काहीच करता येत नसे. म्हणजे तुमचे पती जे करत आहेत, तो २०१८ पूर्वीही गुन्हा नव्हता. न्यायालयाने मोडीत काढली ती पत्नीवरची पतीची मालकी. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे.

राहिला जुन्या पिढीचा मुद्दा. मुंबई प्रांताने द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला तो १९४६ मध्ये, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते बंधन प्रांताबाहेरही नेले. त्याआधी हिंदू पुरुषाला एकीवर दुसरी करता येत असे आणि निष्ठा मागितली जाई ती बायकोकडूनच. जात्यावरच्या ओव्यांत सवत उगाच येत नाही. पुरुषांच्या वाट्याला इतक्या उशिरा आलेली गोष्ट त्यांना इतक्या लवकर जुनाट वाटावी, याची मला गंमत वाटते.

दोघांनी आधी मोकळेपणाने बोलून, दोघांच्याही इच्छेने अशी व्यवस्था स्वीकारली, तर तो त्यांचा प्रश्न आहे आणि त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नाही. तुमच्या घरी मात्र वर्षभर लपवलेल्या व्यवहाराची पावती आता तुमच्याकडून फाडून घेतली जात आहे. तुम्हाला देऊ केलेली मुभा तुम्ही वापरायची ठरवलीत, तर संध्याकाळी मुलीजवळ कोण थांबणार, हेही त्यांना एकदा विचारून पाहा. नकार देण्यात मागासलेपण कसले?

एक सावधगिरी तातडीने बाळगा. तुमचा विवाह हिंदू विवाह कायद्याखाली झाला असेल, तर त्याच्या कलम २३ नुसार, जोडीदाराच्या व्यभिचाराला मूकसंमती देणाऱ्या किंवा तो क्षमा करणाऱ्या व्यक्तीला त्या कारणावरून घटस्फोट मिळत नाही. तेव्हा कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाशी बोलेपर्यंत पतीच्या मोबाइलवर ‘ठीक आहे’ एवढेही लिहून पाठवू नका.