गोळ्या वाढवून मागणारे रुग्ण
प्रश्न : पाठदुखीचे माझे काही जुने रुग्ण मॉर्फिनच्या जातीच्या, म्हणजे सवय लावणाऱ्या तीव्र वेदनाशामक गोळ्या वाढवून मागतात आणि मी लिहून देतो. चौकशी झाली तर परवाना जाईल का?

उत्तर : जाऊ शकतो, डॉक्टर, खटलाही होऊ शकतो. पण मला जास्त काळजी तुमच्या रुग्णांची वाटते. सोबत झोपेची गोळीही चालू असेल, तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. ते आधी तपासा. चौकशीला घाबरून औषध एकदम तोडू नका. घाम, जुलाब, तगमग सुरू होते आणि रुग्ण मिळेल तिथून गोळ्या आणतो. मात्रा हळूहळू उतरवा, दर वेळी तपासणी आणि कारण नोंदवा. कर्करोगाच्या रुग्णाला मात्र या भीतीपायी तळमळत ठेवू नका.