ग्रब (कॉम्प्युटर सुरू होताना लिनक्स किंवा विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) टाकताना गडबड झाली आणि डिस्कवरची सगळी पार्टिशन्स (डिस्कचे पाडलेले भाग) गायब झाली, तर डेटा परत मिळेल का?

बहुतेक वेळा मिळतो, पण आधी त्या डिस्कवर काहीही लिहिणं थांबवा. विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारेल, तिथे नाही म्हणा. इन्स्टॉलरही पुन्हा चालवू नका.

डिस्कवर पार्टिशन्सची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) ५१२ बाइटचा असतो. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे (कॉम्प्युटर सुरू करणारा कोड) आणि त्यापुढचे ६४ बाइट पार्टिशन टेबलचे, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे आहे त्या यादीचे. नुसता बूट कोड टाकायचा असताना पूर्ण सेक्टर लिहिला गेला की टेबल पुसलं जातं. तुमचे फोटो, कागदपत्रं मात्र पुढे जिथल्या तिथे असतात.

लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) लिनक्स सुरू करा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या, त्याहून मोठ्या डिस्कवर घ्या. वेळ लागतो, तरी ही पायरी कृपा करून गाळू नका. मग त्या इमेजवर टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशन्स शोधणारा प्रोग्राम चालवा, सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइल्स उघडून पाहा आणि त्या दुसरीकडे कॉपी करून घ्या. मूळ डिस्कवर टेबल लिहायचं ते त्यानंतरच.

डिस्क जीपीटी (एमबीआरनंतरची नवी पद्धत) असेल तर काम सोपं: टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, जीडिस्क या प्रोग्रामने ती परत आणता येते.

डिस्क खटखट आवाज करत असेल तर यातलं काहीच करू नका, ताबडतोब बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.