वाचकांचे प्रश्न: स्थळ लंडनचं, खातं भलत्याच्याच नावाचं

प्रश्न: मी ५२ वर्षांची आहे, पती हयात नाहीत. मॅट्रिमोनी साइटवर लंडनमधल्या एका डॉक्टरांशी ओळख झाली, दोन महिने रोज बोलणं होतं. त्यांनी वाढदिवसासाठी दागिने आणि काही पौंड पाठवलेत. काल दिल्ली कस्टम्समधून एका बाईंचा फोन आला: ३८,५०० रुपये भरा, नाहीतर पार्सल जप्त होईल. खातं एका गृहस्थांच्या नावाचं आहे. डॉक्टर म्हणतात, ‘आत्ता तू भर, आल्यावर देतो.’ भरू का? (नाशिक)

उत्तर: भरू नका, ताई. खातं कुणा गृहस्थांच्या नावाचं आहे, एवढ्यावरच निकाल लागतो. कस्टम्सची ड्यूटी कोणाच्या बचत खात्यात जात नाही आणि त्यासाठी अधिकारी फोन करून पैसे मागत नाहीत. पोस्टाच्या परदेशी पार्सलवर ड्यूटी लागलीच, तर ती पार्सल देताना पोस्ट वसूल करतं. कुरिअरने आलं असेल तर कुरिअर कंपनी केवायसी मागते आणि रीतसर कागद देते.

पार्सल खरंच निघालंय का, तेही पाहता येतं. ब्रिटनच्या टपालाचा आंतरराष्ट्रीय ट्रॅकिंग क्रमांक १३ अक्षरांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी ‘जीबी’. तो मागून घ्या आणि भारतीय डाक विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः टाका. त्यांनी पाठवलेली लिंक उघडू नका. त्या पानावर पार्सल कायम दिल्लीतच अडकलेलं दिसतं. कस्टम्सचं पत्र म्हणून काही पाठवलं असेल तर त्यावरचा डीआयएन (प्रत्येक सरकारी पत्राला मिळणारा ओळख क्रमांक) सीबीआयसी या कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या साइटवर तपासा. ही पद्धत २०१९ पासून आहे.

३८,५०० ही फक्त पहिली पायरी. ती भरली की ‘स्कॅनिंगमध्ये विदेशी चलन सापडलं’ असा फोन येतो, मग मनी लाँडरिंगचं प्रमाणपत्र, मग रिझर्व्ह बँकेची फी, मग आयकर. दर वेळी आकडा वाढतो आणि माणूस भरत राहतो, कारण थांबलं तर आधीचे बुडाले हे कबूल करावं लागतं. पहिली रक्कम मुद्दाम परवडेल अशीच ठेवलेली असते. याचाच दुसरा अवतार म्हणजे असे ‘डॉक्टर’ स्वतः मुंबई विमानतळावर उतरतात आणि ‘जास्त पौंड आणले म्हणून धरलं’ म्हणतात. प्रत्यक्षात भारतात परदेशी चलन आणायला मर्यादा नाही; नोटा ५,००० डॉलरच्या वर किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील तर एक फॉर्म भरून जाहीर करायच्या. त्याला फी नाही.

आता डॉक्टरांविषयी. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नोंदवही जनरल मेडिकल कौन्सिलच्या साइटवर कोणालाही फुकट पाहता येते. नाव तिथे नसेल तर विषय संपला. असेल तरी हुरळून जाऊ नका. खऱ्या डॉक्टरचं नाव आणि फोटो उचलणं हाच तर धंदा आहे. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, दुसऱ्याच नावाने सापडतो का बघा. एआयने बनवलेला फोटो बहुधा कुठेच सापडणार नाही, म्हणून ‘सापडला नाही’ म्हणजे ‘खरा’ असं नाही. न सांगता व्हिडिओ कॉल लावा, चेहरा पूर्ण बाजूला वळवायला आणि चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. नकली चेहऱ्याच्या कडा तिथे बऱ्याचदा फाटतात. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. साइटवरच्या ‘व्हेरिफाइड’वर मात्र विसंबू नका, अनेकदा त्याचा अर्थ फक्त मोबाइल नंबर तपासला एवढाच असतो.

प्रश्न: डेटिंग अ‍ॅपवर भेटलेल्या मुलीने ट्रेडिंगचं अ‍ॅप सुचवलं. सुरुवातीला ५,००० काढून पाहिले, लगेच आले. मग २ लाख १० हजार टाकले, अ‍ॅपवर आता ६ लाख ८० हजार दिसतात. काढायला गेलो तर १५ टक्के कर आधी भरा म्हणतात. (पुणे)

उत्तर: ते ५,००० म्हणजे गळाला लावलेलं आमिष. अ‍ॅपवरचा आकडा हा कोणीतरी टाइप केलेला आकडा आहे. तुमच्या नावे खरंच शेअर घेतले असते तर ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे डीमॅट खात्यात दिसले असते. तिथे लॉगिन करून पाहा. पैसे काढण्याआधी वेगळा कर भरून घ्यायची पद्धत भारतात नाही. शेअरच्या नफ्यावरचा कर तुम्ही सरकारला भरता, दलालाला नाही. क्रिप्टोवरचा १ टक्का टीडीएससुद्धा मिळणाऱ्या रकमेतूनच कापला जातो.

हे वाचून होण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका. हाताशी ठेवा: प्रत्येक व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम, समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा तो १२ आकडी असतो, एनईएफटीचा १६ अक्षरी. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्या. बरेच जण सोमवारी बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलू म्हणून थांबतात आणि तिथेच घात होतो: पैसे काही तासांत एका खात्यातून पाच-सहा खात्यांत फिरतात आणि एटीएममधून निघतात. खात्यात शिल्लक असेपर्यंतच ते गोठवता येतात. गोठले, तर ते परत मिळवायला साधारणपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली ‘तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा, शून्य जबाबदारी’ ही सवलत इथे उपयोगाची नाही. ती तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, इथे पिन तुम्हीच टाकलाय.

तिला जाब विचारायच्या आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. तिने अनमॅच केलं की अ‍ॅपमधला संवाद गायब होतो, आणि टेलिग्रामवर समोरचा माणूस पूर्ण चॅट दोन्ही बाजूंनी पुसू शकतो. आणि काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे परत काढून देतो, फी द्या’ म्हणणारा भेटेल. बुडालेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तो त्याच टोळीचा असू शकतो.

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तिने कपडे काढले, त्यात मुलाचं रेकॉर्डिंग झालं. १५,००० मागतात, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवू म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर: आधी त्याला जवळ घ्या, रागवायचं नंतर बघू. पैसे देऊ नका; एकदा दिले की हा देणारा आहे हे त्यांना कळतं. नंबर, प्रोफाइलची लिंक आणि धमक्या यांचे स्क्रीनशॉट घेऊन मग ब्लॉक करा. फेसबुकची मित्रयादी लपवा, इन्स्टाग्राम प्रायव्हेट करा, कारण धमकीचं बळ त्या यादीत आहे. स्टॉपएनसीआयआय या साइटवर व्हिडिओची डिजिटल खूण बनवता येते. व्हिडिओ फोनमधून बाहेर जात नाही, फक्त खूण जाते आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारखे मंच ती जुळवून तो अडवतात. मुलगा १८ च्या आतला असता तर त्यासाठी ‘टेक इट डाउन’ आहे.

दोन दिवसांनी ‘दिल्ली सायबर सेलमधून बोलतोय, त्या मुलीने आत्महत्या केली’ असा फोन येईल. गणवेशातला डीपीही असेल. तो त्याच खेळाचा दुसरा अंक. वर दिलेल्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करा, शिवाय जवळच्या पोलिस ठाण्यात जा.

प्रश्न: पहिल्यांदा भेटायचं ठरलंय. तिने अंधेरीतलं एक कॅफे सुचवलंय. काय काळजी घेऊ? (ठाणे)

उत्तर: जागा तुम्ही ठरवा. काही ठिकाणी मुलगी आणि कॅफे यांचं संगनमत असतं: दर नसलेला मेन्यू, ती भराभर मागवते, फोन येतो म्हणून निघून जाते, बिल ४०,०००. तिचाच आग्रह असेल तर आधी दरपत्रक मागा, दारू दर विचारूनच मागवा. अडवून धरलं तर तिथूनच ११२ लावा. भेट दिवसा, वर्दळीच्या जागी. जाणं-येणं आपल्या वाहनाने, त्यांच्या गाडीने नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी बहिणीला किंवा मित्राला चालू करून द्या.

प्रश्न: तो पैसे मागत नाही, उलट ‘माझे ८०,००० तुझ्या खात्यात येऊ देत, तू पुढे पाठव’ म्हणतो. यात काय धोका? (पणजी)

उत्तर: मोठा धोका आहे. ते पैसे बहुधा वरच्यासारख्याच कोणाचे बुडालेले असतात. ज्याचे बुडाले त्याने १९३० ला कळवलं की तुमचं खातं गोठतं, आणि पोलिसांच्या कागदावर रक्कम घेणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव येतं. पैसे आलेच असतील तर पुढे पाठवू नका आणि त्याच्या सांगण्यावरून ‘परत’ही करू नका. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या, आणि तक्रार आपणहून नोंदवा.