जपान, जर्मनी, अमेरिका आणि आपल्याकडच्या क्वालिटी मॅनेजमेंटमध्ये नेमका काय फरक आहे?

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या चेकिंगला आहे, त्यामुळं पुस्तकी कमी आणि टेबलावरचं जास्त सांगतो. कागद सगळीकडं सारखाच ओ, आयएसओ ९००१ (क्वालिटीची कामं कशी चालवायची याचं जगभरचं मानक, १९८७ ला आलं) जर्मनीतही तेच आणि इथंही तेच, फरक पडतो तो चूक दिसल्यावर कोण काय करतं त्यात. जपानमध्ये टोयोटाच्या लाइनवर साधा कामगार चूक दिसली की दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवू शकतो, आणि गंमत म्हणजे आकडेवारी ठेवून क्वालिटी सांभाळायचं वेड त्यांना १९५० मध्ये शिकवलं ते डेमिंग नावाच्या अमेरिकन माणसानं, १९५१ पासून त्याच्या नावाचं बक्षीसही देतात, अमेरिकेला स्वतःचं क्वालिटीचं बाल्ड्रिज अवॉर्ड काढायला १९८७ उजाडलं! पण सिक्स सिग्मा ही चुका कमी करायची पद्धत अमेरिकेचीच बरं का, मोटोरोला कंपनीची, चूक व्हायच्या दहा लाख संधींत फक्त ३.४ चुका हे तिचं टार्गेट. जर्मनीचा भर ट्रेनिंगवर, पोरगं दोन-तीन वर्षं कारखाना आणि शाळा दोन्हीकडं शिकतं.

आणि आपल्याकडं? माल विणून, धुऊन, शिवून झाल्यावर माझ्या टेबलावर येतो, मग मी ओढलेला लूप, सुटलेली कडेची शिलाई बघून सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या दर्जाच्या मालात टाकतो. म्हणजे चूक सकाळी लूमवर झालेली असते आणि सापडते चार दिवसांनी. विणकराला ती आधीच दिसलेली असते हो, पण त्याचा पगार नगावर, तो कशाला लूम थांबवेल? एकदा एकानं थांबवला तर मुकादमानंच झापलं त्याला. सर्टिफिकेट मात्र ऑफिसात फ्रेम करून लावलंय.