एफडी मोडण्याआधी व्हायरल लोडचा कागद काढा

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव अर्थातच देत नाही. त्या ३२ वर्षांच्या, एचआयव्ही निगेटिव्ह. मिस्टर पॉझिटिव्ह, पाच वर्षं सरकारी एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्राची, गोळी रोज घेतात. मूल हवंय. एका खासगी दवाखान्यानं वीर्य 'धुऊन' (म्हणजे शुक्राणू विषाणूपासून वेगळे करून) आयसीएसआय, म्हणजे प्रयोगशाळेत शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचा उपचार, करायचे २ लाख ८० हजार सांगितले. चार लाखांची एफडी मोडावी की पाटल्या तारण ठेवाव्यात, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आत्ता यातलं काहीच करू नका. एआरटी सेंटरमध्ये व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याची, तपासणी मोफत होते. मिस्टरांच्या हिरव्या-पिवळ्या कुठल्याही फायलीत असेल, शेवटचा रिपोर्ट शोधा. लोड किमान सहा महिने (एका मिलिलिटरमागे) २०० च्या खाली टिकून असेल आणि गोळी चुकत नसेल, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता वैद्यकशास्त्रात पक्कं झालंय. आणि आईला लागण नसेल तर बाळाला एचआयव्ही येणार कुठून? मग वीर्य धुण्याचे पैसे नेमके कशाचे, हे त्या दवाखान्याला विचाराच. निरोध कधी थांबवायचा ते मात्र सेंटरच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

आयसीएसआयची गरज वंध्यत्वामुळे पडू शकते, एचआयव्हीमुळे नाही. म्हणून आधी मिस्टरांची वीर्य तपासणी आणि तुमची थायरॉइड, सोनोग्राफी एवढं करून घ्या. हा खर्च हजारांत जाईल, लाखांत नाही. सगळं ठीक निघालं तर वर्षभर नैसर्गिक प्रयत्न करा. पस्तिशीपुढच्या बाईला मी इतकं थांबायला सांगितलं नसतं.

दोष निघालाच, तर एफडीच मोडा, पाटल्या राहू द्या. एफडी मोडल्यावर थोडं व्याज बुडतं आणि विषय संपतो. सोनेतारणाचं व्याज मात्र पहिला प्रयत्न फसला तरी चालूच राहतं, आणि पहिल्याच फेरीत यश येतंच असं नाही. कोटेशनमध्ये इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं धरलंय का, तेही लेखी घ्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात.

तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा (ठरावीक मुदतीच्या जीवन विम्याचा) उल्लेखच नाही, आणि मला खरी काळजी तिथं वाटते. मूल येणार असेल तर दोघांचाही हवा. मिस्टरांच्या अर्जात एचआयव्ही लपवू नका, नाहीतर पुढे क्लेम अडकेल. कंपनीनं नकार दिला तर कारण लेखी मागा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार विमा नाकारायला आकडेमोडीचा ठोस आधार दाखवावा लागतो, नुसतं 'पॉझिटिव्ह आहे' म्हणून चालत नाही.