डोंबिवलीतून पहिल्यांदाच महापालिका निवडणुकीला उभा राहणाऱ्या मित्राला

बॅनर आणि रिक्षाचा भोंगा नंतर बघ. आधी मतदार यादी हातात घे. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतात. त्यात अख्ख्या सोसायट्या शेजारच्या प्रभागात जाऊन पडतात. प्रारूप म्हणजे कच्ची यादी आली की इमारतवार ताडून पाहा आणि हरकतींची मुदत संपण्याआधी लेखी हरकत दे, पोच घे. नवं नाव मात्र त्या टप्प्यावर घालता येत नाही, ते विधानसभेच्याच यादीत आधी नोंदवलेलं असावं लागतं.

आपल्याकडे बहुसदस्यीय प्रभाग आहेत, मुंबईसारखा एकच नगरसेवक नाही. चार जागा असतील तर अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. कोणी पसंत नसेल तर त्या जागेचा ‘नोटा’, म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’ हे बटण. हे आजीआजोबांना घरी जाऊन सांग, फार गोंधळतात बिचारे.

अर्जाची कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेच. खर्चाची वही रोज लिही; निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर अपात्रता येऊ शकते. आणि पाणी, कचरा, फेरीवाले यांवर बोल, लोक तेच विचारतात.